डबकं आटू द्या

सकाळपासून डोकं फिरलंय. फिरायच्या वाटेवरचं ते उथळ डबकं कुणीतरी यंत्र लावून पुरुषभर खोल केलंय, तळाला प्लास्टिक अंथरलंय आणि वर मासे सोडलेत. त्याचा फोटो इथे टाकून खाली लिहिलंय, 'आता बेडकांना वर्षभर पाणी!' त्यावर बदामांचा पाऊस. त्यातले काही बदाम तुमचेही आहेत, म्हणून इथेच लिहितेय.

अहो, त्या बेडकांना तिथे वर्षभर पाणी नकोच आहे!

मी नऊ वर्षांची असताना अगदी हेच केलं होतं. घरामागच्या खळग्यात बेडूकमासे वळवळत होते. पावसाने दडी मारली होती आणि पाणी घोट्याच्याही खाली उतरलं होतं. मला रडू फुटलं. मगाने सापडतील तेवढे उपसले आणि माशांच्या हौदात नेऊन सोडले. त्यांना मोठं घर मिळालं, या आनंदात रात्री झोपले. सकाळी हौदात एकही नव्हता.

डबकं आटतं म्हणून त्यात मासे टिकत नाहीत, आणि मासे नाहीत म्हणून अंडी वाचतात. एवढं साधं आहे हे. पहिल्या पावसात कोरडी जमीन भिजते, पालापाचोळा कुजायला लागतो, शेवाळ धरतं, पिल्लांना खायला मुबलक होतं. खाणारे शत्रू तिथे अजून पोचायचे असतात. बदल्यात एकच अट असते, पाणी जायच्या आत पाय फुटले पाहिजेत.

ती अट हे जीव कशी पाळतात ते बघा. उत्तर अमेरिकेतल्या सोनोरन वाळवंटातला काऊचचा स्पेडफूट बेडूक वर्षातला बहुतेक काळ जमिनीखाली पडून असतो. पावसाची थरथर जाणवली की वर येतो, रात्रीतून अंडी घातली जातात, आणि सगळं जुळून आलं तर आठ-दहा दिवसांत पिल्लं डबक्याबाहेर पडतात. उत्तर अमेरिकेतल्याच मार्बल्ड सॅलॅमँडरची, म्हणजे बेडकाच्या शेपटीवाल्या भाऊबंदाची, मादी तर कोरड्या तळावरच अंडी घालते आणि पाणी येईपर्यंत त्यांच्यापाशी बसून राहते. कोरड्या! आफ्रिकन बुलफ्रॉगचा नर पिल्लांचं डबकं आटायला लागलं की शेजारच्या पाण्यापर्यंत चिखलातून चर खणतो. आणि कितीतरी जातींच्या बेडूकमाशांना पाणी उतरतंय हे कळतं, मग ते वाढीची घाई करतात आणि लहान चणीचे का होईना, बाहेर पडतात.

माझ्या खळग्यातही तेच झालं. जे मगात सापडले नव्हते, त्यांना चौथ्या दिवशी मागचे पाय दिसले. पुढे एक सर आली आणि आठवड्याभरात नखाएवढे बेडूक गवतात उड्या मारायला लागले. मी 'वाचवलेला' त्यांच्यात एकही नव्हता.

हो, कधी अख्खं डबकं पिल्लांसकट वाळून जातं. मान्य. पण मोठे बेडूक आसपासच्या मातीत, दगडांखाली, पाचोळ्यात वर्षानुवर्षं जगतात, एका वाईट हंगामाची तूट पुढचा चांगला हंगाम भरून काढतो. माशांचा हौद मात्र दरवर्षी वाईटच असतो. डास होतात म्हणाल, तर होतात. आणि सगळ्याच बेडकांना आटणारं पाणी चालत नाही, हेही खरं. अमेरिकन बुलफ्रॉगच्या पिल्लांना थंड भागात वर्षाहून जास्त काळ पाण्यात राहावं लागतं. पण ते कायमच्या पाण्यात तग धरतात म्हणून प्रत्येक खळग्याचं तळं करायचं का?

2023 च्या जागतिक पाहणीत उभयचरांच्या दर पाच जातींपैकी दोन धोक्यात निघाल्या. अशा वेळी त्यांच्या बाळंतिणीच्या खोलीत आपण शिकारी सोडतोय आणि फोटो काढतोय. नकाशावर नाव नाही, वर्षाचे आठ महिने पाणी नाही, म्हणजे ती जागा 'वाया गेलेली' असं कुणी ठरवलं?

एवढं लिहिल्यावर राग जरा उतरला. ज्यांनी हे केलं त्यांना मी तोंडओळखीने ओळखते, मनाने चांगली माणसं आहेत. हातात मग घेऊन धावणाऱ्या त्या नऊ वर्षांच्या मुलीला तरी कुठे कुणी सांगितलं होतं? आबांनी दुसऱ्या दिवशी रिकामा हौद बघितला आणि माझ्या डोक्यावर नुसता हात ठेवला.

संध्याकाळी परत जाऊन आले. यंत्राच्या चाकांनी कडेला दोन खोल चाकोऱ्या पडल्यात, वीतभर पाणी साचलंय त्यांत. डावीकडच्या चाकोरीत, गवताच्या काडीला धरून, साबुदाण्यासारखा अंड्यांचा पुंजका आहे. कोण घालून गेलं माहीत नाही. उद्या सकाळी त्या मंडळींना भेटणार आहे. मासे काढा हे सांगायचंच आहे, पण त्याआधी एवढंच मागणार आहे की त्या चाकोऱ्या सपाट करू नका.