मान्यताप्राप्तांचा हंगाम

बारावीच्या निकालात कोकण विभाग दरवर्षी राज्यात पहिला. हे इतकं ठरून गेलंय की पेपरवाले मागच्या वर्षीची बातमी काढून फक्त टक्के बदलत असावेत. पण निकालाच्या दुसऱ्या दिवशी त्या पहिल्या आलेल्या पोरांचं पुढे करायचं काय, याचं उत्तर बोर्डाकडे नसतं. ते आमच्याकडे मामाकडे असतं. त्यातून मामा हायस्कुलात क्लार्क असला तर बघायलाच नको. 'फॉर्मातला ह्येका सगळा समाजता' अशी पंचक्रोशीत ख्याती झाली की माणसाची सुटी संपली.

बहिणीचा फोन आला. "गौरीक नर्सिंग करूचा आसा. सरकारमान्य असा एक बरासा कॉलेज बघ." आवाज असा, की येताना बाजारातून शेरभर सुकट घेऊन ये.

आता 'नर्सिंग' एवढ्यावर भागत नाही, हे मला पहिल्याच संध्याकाळी कळलं. एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसविका, दोन वर्षांचं. जीएनएम, म्हणजे सर्वसाधारण परिचारिका-प्रसविका, तीन वर्षांचं. बीएस्सी चार वर्षांचं. पहिले दोन डिप्लोम्याच्या घरातले, त्यांचं मंडळ वेगळं. बीएस्सी म्हणजे पदवी, तिला बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी हवं आणि राज्याची सीईटी द्यावी लागते. गौरीने सीईटी दिली होती आणि तिला पदवीच हवी होती. एवढं घरात समजावून सांगेपर्यंत आजीने, म्हणजे माझ्या आईने, चर्चेत उडी घेतली.

"तुजी आवस झाली तेव्हा सुईणीन काढल्यान," ती गौरीला म्हणाली. "तिका खंयच्या परिषदेची मान्यता होती?"

यावर गौरीची आवस, म्हणजे माझी बहीण, स्वतः पुरावा म्हणून समोर बसलेली असल्यामुळे कुणाला काही बोलता येईना.

मे महिन्यात आमच्याकडे आंबा उतरतो आणि पाट्या चढतात. कुडाळपासून कणकवलीपर्यंत विजेचा एक खांब मोकळा राहत नाही. 'नर्सिंग प्रवेश सुरू', '१००% नोकरी', 'सीईटी नको, थेट प्रवेश', आणि सगळ्यांवर ठळक लाल अक्षरांत 'मान्यताप्राप्त'. कोणाची मान्यता, हे मात्र लिहिलेलं नसतं. खांबावर जागा कमी पडत असेल.

एका कॉलेजच्या माहितीपत्रकावर आयएसओचा गोल शिक्का होता. पान गुळगुळीत, शिक्का सोनेरी. आयएसओ ही कारभाराच्या शिस्तीची चिठ्ठी. ती बर्फाच्या कारखान्यालाही मिळते. दुसऱ्याने नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची, श्रेणी छापली होती, पण नीट वाचल्यावर ती त्यांच्या आर्ट्स-कॉमर्सच्या कॉलेजची निघाली. आवार एक, ट्रस्ट एक, मग श्रेणीही सगळ्यांनी वाटून घ्यायची, असा तो कुटुंबवत्सल हिशोब. तिसऱ्याच्या मुखपृष्ठावर सोनेरी केसांची एक मड्डम स्टेथोस्कोप लावून हसत होती. ती त्या कॉलेजात शिकलेली नसावी, असा माझा अंदाज.

शेवटी मी माझ्या क्लार्की पद्धतीने एका कागदावर, ज्यांची मान्यता खरोखर बघायची, अशी तीन नावं लिहिली. भारतीय परिचर्या परिषद, दिल्ली. १९४७ च्या कायद्याने झालेली. महाराष्ट्र परिचर्या परिषद, मुंबई. पदवी हातात आली तरी हिच्याकडे नोंदणी झाल्याशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही. आणि महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक. १९९८ साली झालेलं, राज्यातल्या बहुतेक कॉलेजांची बीएस्सी नर्सिंगची पदवी देणारं. दिल्ली, मुंबई, नाशिक. कोकणातल्या माणसाचं एकही काम कोकणात होत नाही, हे या निमित्ताने पुन्हा सिद्ध झालं.

या तिघांच्या याद्या त्यांच्या संकेतस्थळांवर असतात. त्या उघडायच्या तर आमच्या घरात फोन पडवीच्या उत्तर कोपऱ्यात, तांब्यावर उभा करून ठेवावा लागतो. तिथेच काय ती रेंज येते. गौरी याद्या वाचायची आणि मी माहितीपत्रकं. यादीत नुसतं कॉलेजचं नाव सापडून उपयोग नाही, हे तिच्या लक्षात माझ्या आधी आलं. मान्यता कॉलेजच्या इमारतीला नसते, अभ्यासक्रमाला असते. एका कॉलेजच्या ऑफिसात चौकट करून लावलेलं प्रमाणपत्र जीएनएमचं होतं आणि प्रवेश चालू होते बीएस्सीचे. शिवाय वर्ष बघायचं, जागा किती मंजूर आहेत ते बघायचं. मंजूर जागांपेक्षा जास्त पोरं वर्गात बसवली, तर उरलेल्यांनी परीक्षेच्या वेळी कुठे बसायचं?

याच दिवसांत एक गृहस्थ घरी आले. बुलेट, कडक इस्त्री, हातात पाऊच. आंबोलीचा घाट चढून पलीकडच्या राज्यातल्या कॉलेजांत ते मुलं 'लावून देतात'. सीईटी नको, रांग नको, कागद मागाहून. "मामा, तुमी फक्त हो म्हणा, सीट माझ्या खिशात आहे," असं म्हणून त्यांनी खरोखरच खिशावर हात ठेवला. मी म्हटलं, तिकडे शिकली तर नोंदणी तिकडे होणार, मग ती इकडे आणायला तिकडून ना-हरकत. आणि फी? २०२४ च्या जुलैतल्या शासन निर्णयाने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क राज्यात पूर्ण माफ आहे, पण प्रवेश राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून झाला तर. तुमच्या खिशातल्या सीटला ते लागू होतं का? गृहस्थ कोकम सरबत पिऊन उठले. जाताना आमच्या आंब्यांचा भाव मात्र विचारून गेले.

गौरीचे मोठे काका डोंबिवलीला असतात. मे महिन्यात ते आंब्यासाठी येतात आणि मतं घेऊन येतात. त्यांच्या ऑफिसातल्या कुणाच्या तरी ओळखीचं एक कॉलेज होतं. "एकदम टॉप. एसी क्लासरूम. मी शब्द टाकलाय," ते म्हणाले. काकांनी शब्द टाकला की तो उचलायला घरातल्या कुणाला तरी जावं लागतं. गौरी आणि मी लाल डब्याने निघालो.

क्लासरूमला एसी होता, हे कबूल केलं पाहिजे. सांगाडा होता, बाहुल्या होत्या, बाहुलीच्या दंडावर इंजेक्शनं टोचून टोचून चाळण झालेली. प्राचार्यबाई गोड बोलल्या. गौरीने विचारलं, "मॅडम, तुमचं स्वतःचं हॉस्पिटल?"

हा प्रश्न ती उगाच विचारत नव्हती. पदवीच्या कॉलेजला स्वतःचं १०० खाटांचं रुग्णालय हवं आणि एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण हवेत, हे तिने दिल्लीच्या परिषदेच्या नियमांत वाचलं होतं. बाईंनी आम्हाला मागच्या इमारतीत नेलं. वॉर्ड लांबलचक, खाटा ओळीने, प्रत्येक खाटेला नंबर. गाद्या अशा कोऱ्या की त्यांच्यावरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं. गौरी एका गादीच्या कडेला टेकली तर ती करकरली.

"पेशंट?" मी विचारलं.

"ओपीडीला गर्दी असते," बाई म्हणाल्या. "आज जरा कमी आहेत."

कमी म्हणजे एक होता. अगदी टोकाच्या खाटेवर, चादर गळ्यापर्यंत, हाताला सलाइनची पट्टी चिकटवलेली. मी जवळ गेलो तर ओळखीचा चेहरा. दहा मिनिटांपूर्वी गेटवर ज्याने आमच्यापुढे वही धरून 'हंय सही करा' म्हटलं होतं, तोच. त्यानेही मला ओळखलं. डोळे मिटून घेतले बिचाऱ्याने. चादरीखालून त्याचा खाकी पायजमा आणि बूट दिसत होते. नंतर चहाच्या टपरीवर कळलं की तपासणीवाले येणार म्हणून रंगीत तालीम चालू होती. एका माणसाने गेट, वही आणि आजारपण अशी तिन्ही खाती सांभाळायची म्हणजे पगारही तसाच असायला हवा. तसा नसणार.

परतताना गौरी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मामा, माका त्या बावल्यांका इंजेक्शना द्यायची नाय हत."

तिची एक मैत्रीण बाळंत होऊन ओरोसला सरकारी रुग्णालयात होती. तिला बघायला गेलो तेव्हा वॉर्डातल्या इन्चार्ज सिस्टरांना मी माझा तीन नावांचा कागद दाखवला. त्यांनी एका हाताने तो घेतला, दुसऱ्या हाताने कुणाची तरी नाडी चालूच. वाचून परत दिला.

"हे झालंच, हे नसेल तर त्या गेटात पाय ठेवू नका," त्या म्हणाल्या. "पण हे बघून थांबू नका. कॉलेजात गेलात की प्राचार्यांना भेटू नका, तिसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठा. विचारा, सलाइन स्वतःच्या हाताने किती जणांना लावलं? बाळंतपण समोर उभं राहून बघितलं का, की वहीत दुसरीचं उतरवलं? ड्यूटीची बस सकाळी किती वाजता सुटते? ज्या कॉलेजची बस अंधारात सुटते, तिथल्या मुली कुरकुर करतात, पण आमच्याकडे आल्या की पहिल्या दिवशी रडत नाहीत." मग गौरीकडे वळून, "रात्रपाळीत झोप येते. पाय सुजतात. तरी यायचंय?"

गौरीने मान हलवली.

"मग ते बेडपॅन तेवढं आत नेऊन ठेव."

तिने नेऊन ठेवलं. माझ्या मते गौरीची मुलाखत तिथेच झाली आणि माझंही काम तिथेच संपलं होतं, पण सरकारी प्रक्रियेला हे कळवायचं कोणी?

कागदांचं सांगण्यात अर्थ नाही, ते ज्याच्या घरात दहावी-बारावी झालीय त्याला ठाऊक आहे. वय-अधिवास, नॉन-क्रीमीलेअर, सेतूतली रांग, उत्पन्नाच्या दाखल्यावर तलाठ्याची सही आणि तलाठी मीटिंगला. फी मात्र आम्ही कॉलेजला न विचारता शुल्क नियामक प्राधिकरणाच्या यादीत बघितली, कारण माहितीपत्रकातल्या आकड्यापुढे बारीक फुली होती आणि फुलीचा खुलासा कुठेच नव्हता.

कॉलेजांचा पसंतीक्रम भरायच्या रात्री पावसाने जोर धरला आणि लाइट गेली. तांब्यावर फोन, फोनवर ओटीपी, पडवीत पागोळ्या. आजी कंदील धरून उभी. गौरीने मुलींना फोन करकरून, बसच्या वेळा विचारून, वॉर्ड बघून आलेली कॉलेजं वर टाकली. जिथे जायचंच नव्हतं ते एकही नाव तिने भरलं नाही. "आसूंदे गो एक जास्तीचा," बहीण म्हणत होती. "तां मिळाला तर?" गौरी म्हणाली. आजीला हे पटलं. तिने स्थळं नाकारतानाही हाच नियम पाळला होता म्हणे.

फेऱ्या लांबत गेल्या. चतुर्थी आली, चाकरमानी आले, आणि नेमकी चतुर्थीच्या आदल्या दिवशी यादी लागली. गौरीला दुसऱ्या पसंतीचं कॉलेज मिळालं. बस पहाटे साडेपाचला सुटते, मुली भरपूर कुरकुर करतात.

चतुर्थीच्या संध्याकाळी आरती आटोपून सगळे माटवीखाली, म्हणजे गणपतीवरच्या फळाफुलांच्या सजावटीखाली, मोदक खात बसले होते. डोंबिवलीचे काका शेजाऱ्यांना सांगत होते, "अरे, नर्सिंगचं मीच सुचवलं. शब्द टाकला होता ना मी. हल्ली ओळखीशिवाय काय होतं?"

गौरी त्यांच्या ताटात दुसरा मोदक वाढत होती. म्हणाली, "होय काका, तुमी सांगितलेला कॉलेज आमी बघून इलाव. मोदक खावन पोटात दुखला तर थंयच जावा. खाटी सगळे मोकळे आसत, आणि एक पेशंट आसा तो गेटवरसून तुमका न्हेयत."