‘तीन वर्षं साध्या अडॅप्टरवर चालवतोय, काही झालं नाही’: या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा थोडा रागच आला. रात्री परत वाचली, तेव्हा लक्षात आलं की तुमचा एक मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे. म्हणून सुरुवात त्यापासूनच करतो.

बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात: लिथियम बॅटरीच्या चार्जरांवरच्या माझ्या पोस्टला ही प्रतिक्रिया आली. दादांनी 18650 सेलचा (लॅपटॉपच्या बॅटरीत असतात तसे गोल लिथियम-आयन सेल) 3एस, म्हणजे तीन सेल एकामागे एक जोडलेला, पॅक स्वतः बांधून स्पीकरला लावलाय. तीन वर्षं तो 12.6 व्होल्टच्या साध्या अडॅप्टरवर चार्ज होतोय, पॅकला बीएमएस (सेल जास्त भरला की चार्जिंग तोडणारा संरक्षक बोर्ड) आहे आणि आजवर काही बिघडलेलं नाही. ‘दर वेळी बॅलन्स चार्ज केलाच पाहिजे’ (म्हणजे सगळे सेल एकसारख्या व्होल्टेजला आणून भरायचे) हे माझं वाक्य चूक आहे, आणि मी लोकांना घाबरवून महागडे चार्जर त्यांच्या गळ्यात मारतोय, असं त्यांचं म्हणणं आहे.

वाक्य चुकलं, मान्य. एकाच लॉटचे नवे सेल बरेच दिवस एकमेकांना धरून चालतात. माझ्याच रिमोटच्या विमानातल्या एका 2200 एमएएच क्षमतेच्या लायपोमध्ये (मऊ पिशवीतली लिथियम बॅटरी) वर्षभर उडवूनही सेलमधला फरक 0.01 व्होल्टच्या वर गेलेला नाही. त्याला दर वेळी बॅलन्स करत बसून हाती काही लागत नाही. पोस्टमधलं ते वाक्य आजच दुरुस्त केलंय. कमिशनचं म्हणाल, तर तिथल्या एकाही चार्जरमागे मला दमडी मिळत नाही.

पण ‘एकूण 12.6 च्या वर जातच नाही, मग जास्त चार्ज होणार कसा?’ हे मात्र पटत नाही. तीन सेल एकामागे एक जोडलेले असतात, तेव्हा तिघांतून करंट एकच जातो. त्यातला एखादा म्हातारा झाला, त्याची क्षमता कमी झाली, तर तो इतरांआधी भरतो आणि इतरांआधी रिकामाही होतो. आता तीन सेलचे व्होल्ट बघा: 4.17, 4.17 आणि 4.26. बेरीज बरोबर 12.60. अडॅप्टरच्या दृष्टीने पॅक झकास भरला, दिवा हिरवा. बीएमएसलाही बहुधा अजून जाग आलेली नाही, कारण स्वस्त बोर्डं सहसा 4.25 ते 4.30 च्या दरम्यान कुठेतरी तोडतात. आणि नेहमीच्या लिथियम-आयन सेलची मर्यादा 4.20. म्हणजे जो सेल आधीच थकलाय, त्यालाच दर चार्जिंगला जादा ताण. तो आणखी थकतो आणि पुढच्या वेळी आणखी वर जातो. असं वाढत गेलं की ॲनोडवर (सेलच्या आतल्या ऋण बाजूवर) लिथियम धातूच्या रूपात बसायला लागतं, आत वायू धरतो. लायपोची पिशवी मऊ असते, म्हणून ती निदान फुगून दाखवते. 18650 चं कवच पत्र्याचं, ते बाहेरून काहीच सांगत नाही.

बीएमएस नको असं मी म्हणत नाही, जरूर असावा. पण गच्चीवरच्या टाकीला ओव्हरफ्लोचा पाइप आहे म्हणून आपण रोज मोटर चालू ठेवून झोपत नाही. शिवाय तुमच्यासारख्या बऱ्याच 3एस बोर्डांत बॅलन्सिंग नसतंच, फक्त तोडणं असतं. आमच्या रिमोटच्या विमानांच्या लायपो पॅकमध्ये तर बीएमएसही नसतो. तिथे जे काही आहे ते चार्जरच.

त्यामुळे माझ्या मते चार्जर घेताना ‘बॅलन्स’ हा शब्द डब्यावर आहे का, यापेक्षा तो प्रत्येक सेल वेगळा मोजतो का आणि त्यावरून थांबतो का, हे बघायचं. आता गंमत अशी की बी3 नावाने मिळणारा स्वस्त चार्जर या कसोटीला तत्त्वतः उतरतो. तो पॅकच्या प्रत्येक सेलला जोडलेल्या बॅलन्सच्या पांढऱ्या कनेक्टरमधूनच प्रत्येक सेल वेगवेगळा भरतो आणि वेगवेगळा थांबवतो. हळू आहे, 2एस-3एसच्या पुढे जात नाही, पण विचार योग्य आहे. त्याची उणीव एवढीच की तो लाल-हिरव्या दिव्यांपलीकडे काही बोलत नाही. तो 4.20 ला थांबला की 4.28 ला, हे तुम्हाला कळायला मार्ग नाही. तेव्हा महागच घ्या असं मी म्हणत नाही. पडद्यावर सेलवार व्होल्टेज दाखवणारा घ्या, एवढंच.

आणि पडद्यावरही आंधळा विश्वास नको. एका लोकप्रिय चार्जरची नक्कल मी स्वस्तात घेतली होती. तो 4.20 दाखवायचा. दीडेक महिन्यात पॅक बोटाने दाबला की उशीसारखा लागायला लागला, तेव्हा मल्टीमीटर लावला तर दोन सेल 4.25 वर. बारा-तेरा वेळा मी स्वतःच्या हाताने पॅक जास्त भरला होता. तेव्हापासून नवा चार्जर आला की पहिल्या चार्जिंगला शेजारी मल्टीमीटर.

बॅलन्स करंटबद्दल (सेलमधला फरक मिटवायला चार्जर वापरतो तो करंट) एकाने विचारलंय, तेही इथेच सांगतो. साध्या चार्जरचा तो 300 मिलीॲम्पच्या आसपास असतो. 5000 एमएएचच्या पॅकमध्ये सेल पाच टक्क्यांनी मागेपुढे असतील तर फरक 250 एमएएचचा, तासाभराच्या आत मिटतो. पण फवारणीच्या ड्रोनचा 22000 चा पॅक घेतलात तर तोच पाच टक्के म्हणजे 1100 एमएएच, जवळजवळ पावणेचार तास. शेताच्या बांधावर जनरेटर चालवून एवढं कोण थांबणार? ‘बॅलन्स’ अर्ध्यात थांबवून पॅक लावला जातो, आणि मग पॅक लवकर गेला म्हणून ओरड. मोठ्या पॅकला बॅलन्स करंट जास्त असलेलाच चार्जर लागतो. वॅट कमी असले तर मात्र धोका काही नाही, नुसता वेळ जातो: 50 वॅटचा चार्जर 6एसला शेवटी जेमतेम दोन ॲम्पिअर देईल.

चार्जरवर बॅटरीच्या रसायनाची निवड मात्र चुकवू नका. लायपोचा सेल 4.20 व्होल्टपर्यंत, लिथियम आयर्न फॉस्फेटचा 3.65. फॉस्फेटच्या पॅकला लायपोचा प्रोग्राम लावला तर चार्जर चोख काम करून पॅक मारून टाकेल. आणि विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये चार्जिंग नको; बहुतेक सेलची चार्जिंगची मर्यादा 45 अंशांची असते, तेवढी तर तिथली हवाच असते.

आता तुमच्या पॅकचं. तीन वर्षं चाललाय म्हणजे तुम्ही सेल चांगले निवडले असणार. पण तुमची प्रतिक्रिया वाचून उद्या कोणी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या आणेल, फोडेल आणि मिळतील ते सहा सेल एकत्र बांधून 12.6 चा अडॅप्टर लावेल. मला भीती त्याची आहे.

एक विनंती आहे. अडॅप्टरचा दिवा हिरवा झाला की तो काढायच्या आधी बीएमएसवर एकेका सेलचं व्होल्टेज मोजा: बी मायनस ते बी1, बी1 ते बी2, बी2 ते बी प्लस. तीन आकडे इथे टाका. फरक 0.03 च्या आत असेल आणि एकही 4.20 च्या वर नसेल, तर अडॅप्टर खुशाल वापरा, दर दोन महिन्यांनी हेच मोजत राहा. मला पुढे काही म्हणायचं नाही. मोजताना प्रोबची टोकं एकमेकांना लागू देऊ नका, त्या बोर्डावर जागा फार कमी असते.