नासलेले नव्हते हो!

रत्नागिरीचे व्याही परवा प्रथमच परभणीला येणार होते, म्हणून सोलकढीसाठी मी आदल्या रात्री दोन नारळ खवून, कोमट पाण्यात वाटून, पंचातून पिळून दूध काढले आणि फ्रिजमध्ये ठेवले. सकाळी झाकण उघडले तर वर पांढरी घट्ट वडी आणि खाली तांदूळ धुतल्यासारखे पाणी! नेमक्या त्याच वेळी समोरच्या काकू वाटी परत करायला आल्या.

"दूध नासलंय की हो भाऊ."

मी शांतपणे सांगितले की नारळाच्या दुधात तेलाचे बारीक थेंब असतात, त्यांना धरून ठेवणारी प्रथिने फार काळ दम धरत नाहीत, त्यामुळे तेलकट भाग वर येतो आणि हे तेल 24 अंशांच्या आसपासच गोठत असल्याने फ्रिजमध्ये त्याची अशी वडी होते.

"मंग ही साय का?"

"साय म्हणा."

"तापवलं कधी?"

"तापवले नाही."

"न तापवता साय? भाऊ, आमच्याकडं 32 वर्षं म्हैस होती."

म्हशीपुढे माझे शास्त्र काय टिकणार! शिवाय आमच्याकडे ओला नारळ प्रामुख्याने देवापुढे फोडायचा. येसराला, म्हणजे आमच्या रश्शाच्या मसाल्याला, सुके खोबरे लागते आणि ते बिचारे भाजल्यावर निमूट राहते. तरी मी शेवटचा दाखला दिला, "थंडीत तुमची खोबरेलाची बाटली गोठते, ती तुम्ही कठड्यावर उन्हात ठेवता ना? तेच हे."

काकूंचा चेहरा उतरला. "म्हंजे व्याह्यांना डोक्याचं तेल पाजणार?"

वास्तविक ते दूध मंद आचेवर जेमतेम कोमट करून रवीने घुसळले असते तर एकजीव झाले असते. मी पातेले गॅसवर चढवलेही होते, परंतु काकूंनी नणंदेच्या लग्नात फाटलेल्या बासुंदीची हकिकत मुळापासून सुरू केली, मान डोलावण्याच्या नादात माझा ढवळणारा हात थांबला, उकळी आली आणि दुधाचे दाणे दाणे झाले.

"आता तर नासलं ना?" काकूंनी मायेने विचारले. त्या मायेचाच मला अजून राग येतो.

जेवणात काकूंकडचे ताक वाढावे लागले. विहीणबाईंनी ते दोनदा मागून घेतले आणि वर म्हणाल्या, "बरं झालं, सोलकढी काय घरी रोजचीच!" संध्याकाळी काकू ताकाचे पातेले न्यायला आल्या आणि दारातूनच, व्याह्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, त्यांनी विचारले, "भाऊ, त्या तेलाचं काय केलंत?"