‘आशाताईंचं ऐकू नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

माझी भाची बाळंतीण आहे, बाळ नऊ दिवसांचं. आशाताई, म्हणजे सरकारी योजनेतल्या आरोग्य कार्यकर्त्या, त्याला बघायला घरी येतात. काल रात्री आमच्या काकूंनी घरच्या ग्रुपवर सगळीकडे फिरणारा मेसेज टाकला: ‘दहावी शिकलेल्या आशाला बाळाच्या दुधातलं काय कळतं? पहिला चीक पिळून टाका, दूध उतरेपर्यंत मध चाटवा, उन्हाळ्यात चमचा चमचा पाणी द्या. अंगावरच पाजा म्हणायचं आशाला कमिशन मिळतं.’ सकाळी भाचीचा रडवेल्या आवाजात फोन: ‘काकूआजीने मधाची बाटली पाठवलीय, काय करू?’ मग मात्र मला गप्प बसवेना.

आधी मधाचं, कारण ते जिवावर बेतू शकतं. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या पोटात ते रुजत नाहीत. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजतात आणि तिथे विष तयार होतं. शी होत नाही, चोखण्यातला जोर जातो, रडणं बारीक होतं, मान लुळी पडते, पुढे श्वासही अडतो. क्वचित होतं, हे खरं. पण कुठल्या बाळाला होईल ते आधी कळत नाही. घरच्या पोळ्यातला शुद्ध मध आहे, उकळून घेतलाय, याने काही फरक पडत नाही. साध्या उकळण्याने ते बीजाणू मरत नाहीत. वर्षभर बोटाला लावूनसुद्धा मध द्यायचा नाही.

पाण्याचंही तेच. आईच्या दुधात जवळजवळ 88 टक्के पाणीच असतं. वरच्या पाण्याने इवलंसं पोट भरतं, बाळ कमी ओढतं, आणि ओढणं कमी झालं की पान्हाही आटतो. वर जुलाबाची भीती. सहा महिने फक्त आईचं दूध, पाण्याचा थेंबही नाही, हे जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि आशाताईही नेमकं तेच सांगतात. चीक टाकायला सांगणाऱ्याने तर बाळाचं पहिलं संरक्षणच मोरीत ओतायला सांगितलंय.

आता ‘दहावी शिकलेली’. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवलं. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात बालमृत्यू, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, 62 टक्क्यांनी घटले. 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं आणि आशांच्या आजच्या घरभेटी त्याच कामातून उभ्या राहिल्या.

सातव्या दिवशीची भेट मी स्वतः पाहिली. भाचीच्या स्तनाग्राला चीर पडलेली, पाजताना ती दात आवळून बसायची. ताई खाटेशी टेकल्या, आधी नुसतं बघितलं. बाळाचा खालचा ओठ आत मुडपलेला होता. त्यांनी बाळाचं पोट आईच्या पोटाला लावलं, तोंड मोठं उघडेपर्यंत थांबल्या, मग हनुवटी स्तनाला टेकेल असं जवळ घेतलं. भाचीचे खांदे सैल पडले. तोवर आम्ही सगळे ‘सवय होईल’ एवढंच म्हणत होतो.

कमिशन म्हणाल तर दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर 42 दिवसांत सहा घरभेटी, आणि त्या सगळ्यांचे मिळून 250 रुपये. त्यात वजन, ताप, नाळ, सगळं बघणं आलं.

एक गोष्ट मात्र मान्य करते. सगळ्याच आशा सारख्या तयार नसतात. काढलेलं दूध किती वेळ टिकतं हे आमच्या ताईंनाही नीट सांगता आलं नाही, ‘नर्सबाईंना विचारून सांगते’ म्हणाल्या. एखादीच्या तोंडी अजून घुट्टीही येत असेल. त्यांना उजळणी प्रशिक्षण वेळेवर मिळायला हवं आणि डोक्यावरचे सर्व्हे कमी व्हायला हवेत. पण म्हणून त्यांना दारातून परत पाठवायचं?

काकू, बाटली मी परत पाठवतेय. तो मेसेज तुम्ही आणखी ज्या ज्या ग्रुपवर टाकलाय, तिथे हेही आजच टाका.