बागप्रेमी येत आहेत, पानांच्या खाली बघा

साधे पाहुणे गच्चीवर आले की फुलं बघतात, ‘किती छान!’ म्हणतात आणि चहाकडे वळतात. बागप्रेमी मंडळी आली की फुलांकडे पाठ फिरवतात आणि सरळ जास्वंदीचं पान उलटं करतात. त्यांना तेही करावं लागत नाही म्हणा. खोडावरून मुंग्यांची रांग वर चाललेली दिसली तरी पुरतं. मुंग्या पिठ्या ढेकणाच्या (पानांचा रस शोषणाऱ्या, कापसासारख्या पांढऱ्या किडीच्या) गोड चिकट स्रावासाठी चढतात, हे त्या मंडळींना पाठ असतं. त्यामुळे तयारी पानांच्या खालच्या अंगाची करायची, हे माझं ठाम मत.

फवारणीसाठी निंबोळी तेल 5 मिली, भांडी घासायचा पातळ साबण 1 ते 2 मिली, पाणी 1 लिटर. आधी तेल आणि साबण एकत्र घोटायचं, मग पाणी. क्रम चुकला की तेल वर तरंगतं आणि पंपातली शेवटची धार एकाच बिचाऱ्या रोपावर जाऊन त्याची पानं करपतात. पहिली फवारणी दहा दिवस आधी, दुसरी तीन दिवस आधी, तीही ऊन उतरल्यावर. भेटीच्या दिवशी सकाळी मारली तर अख्खी गच्ची आयुर्वेदिक दवाखान्यासारखी दरवळते आणि नाकं वळतात तिथेच बोटं वळतात.

गुलाबाचं गणित उलटं मांडायचं. छाटणीनंतर साधारण 45 ते 50 दिवसांनी फूल, म्हणजे डिसेंबरच्या सुरुवातीच्या भेटीसाठी ऑक्टोबरच्या मध्याला कात्री. मंडळी मात्र बुधवारी फोन करून ‘रविवारी येतोय हं’ म्हणतात. शेवंतीचं तर त्याहून अवघड: तिला लांब, सलग काळोखी रात्र लागते. गच्चीवरचा दिवा रोज रात्रभर जळत असेल तर पानं ढीगभर येतात आणि कळ्या रुसून बसतात.

उरल्या दिवसांत युरिया टाकून हिरवं करायचा मोह होतो. टाकू नका. त्यातल्या नत्राने लुसलुशीत झालेल्या शेंड्यांवर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, हमखास बसतो. कुंड्या बदलायच्या तर पंधरा दिवस आधी. आदल्या दिवशी मुळं दुखावलेलं रोप नेमकं पाहुण्यांसमोर मान टाकतं. वरून इंचभर गांडूळखत पसरून दगडासारखी माती झाकायचा उपायही फसतो, कारण एक काकू बोट खुपसतातच.

पाणी आदल्या संध्याकाळी घाला. ऐनवेळी घातलं तर कुंडीतल्या कोकोपीटचं (नारळाच्या भुशाचं) तपकिरी पाणी खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरींवर उतरतं आणि मग आणखी एक मंडळ वर येतं, बागप्रेमी नसलेलं. जीवामृताचा, म्हणजे घरच्या द्रवखताचा ड्रम? शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आंबत असतात. झाकण ठेवा, पण घट्ट लावू नका. आत वायू तयार होतो.

सल्ले मिळतातच. एक काका म्हणतात पाणी जास्त होतंय, दुसरे म्हणतात कमी. दोघंही एकाच कुंडीकडे बोट दाखवत असतात. मान डोलवावी आणि पोहे पुढे करावेत.

जाताना प्रत्येकाच्या पिशवीतून ओली वर्तमानपत्रं निघतात. कात्री त्यांच्या हाती द्यायची नाही. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, चार डोळ्यांच्या (म्हणजे कोंब फुटायच्या चार जागा असलेल्या) फांद्या आपणच आधी कापून ठेवायच्या आणि साबणाच्या पाण्यातून काढून, नीट तपासून द्यायच्या. नाहीतर पुढच्या महिन्यात त्यांच्या जास्वंदीवर ढेकूण निघतो आणि त्याचं माहेर कुठलं, हे सगळ्या मंडळाला कळतं.