कुस्कोचे दगड वितळवलेले नाहीत, ठोकून घडवलेले आहेत

फोटो पेरूमधल्या कुस्को शहराच्या डोक्यावरच्या साक्सायवामान या इंका राज्यकर्त्यांच्या गडाचा. खाली मजकूर: ‘इंकांकडे लोखंड नव्हते. वनस्पतीच्या रसाने त्यांनी दगड कणकेसारखे मऊ केले, म्हणून सांध्यात ब्लेडही जात नाही. शंभर टनी दगड हलवणे माणसाला अशक्य, हे परग्रहवासीयांचेच काम.’ घरच्या ग्रुपवर हे तिसऱ्यांदा आले आणि आता भाच्याच्या शाळेच्या प्रकल्पातही शिरले, म्हणून लिहितो.

आधी तो रस. गडाचे मोठे दगड चुनखडीचे आहेत. आम्लाने चुनखडी फसफसून विरघळते, तिची कणीक होत नाही आणि ती पुन्हा घट्ट दगडही होत नाही. शहरातल्या कितीतरी भिंती अँडेसाइट या ज्वालामुखीच्या कठीण दगडाच्या आहेत, त्यावर तर झाडपाल्याचे आम्ल काहीच करत नाही.

लोखंड नव्हते, हे खरे. पण हत्यारे होती. कुस्कोजवळच्या रुमिकोल्का इथल्या इंकांच्या खाणीत नदीकाठचे गोटे सापडतात. ते मूळचे तिथले नाहीत, ठोकायला आणलेले. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातले वास्तुकलेचे प्राध्यापक जाँ-पिएर प्रोत्झेन यांनी ते स्वतः वापरून पाहिले आणि 1985 मध्ये निष्कर्ष छापले. सुमारे 25×25×30 सेंमीचा अँडेसाइटचा ठोकळा आणि 4 किलोचा गोटा. गोटा सैल धरून तिरका पडू द्यायचा आणि आपटण्याच्या क्षणी मनगट वळवायचे, बाकी काम वजन करते. 20 मिनिटांत एक बाजू सपाट झाली. तीन बाजू आणि पाच कडा व्हायला दीड तासही पुरला. कडेला मोठा गोटा चालत नाही, टवका उडतो. तिथे अर्ध्या किलोच्या आसपासचा लहान गोटा घेऊन कडेपासून बाहेरच्या दिशेने घाव घालायचे. म्हणूनच इंका भिंतींत सांध्याशी कड आत उतरलेली दिसते. घावांचे खळगेही मध्ये मोठे आणि सांध्याजवळ बारीक आहेत. मऊ करून दाबलेल्या दगडावर ते कुठून येणार?

ब्लेड जात नाही, हे अर्धे खरे. दर्शनी बाजूला जात नाही. पण उभे सांधे बऱ्याच ठिकाणी पुढचे काही सेंटीमीटरच घट्ट असतात, मागे माती आणि बारीक दगडांची भर. वरचा दगड बसवायला खालच्या थरात खोबण ठोकायची, दगड टेकवून पाहायचा, उचलायचा, भुकटी दबलेली दिसेल तिथे पुन्हा ठोकायचे. सर्वांत मोठे दगड असे वारंवार कसे उचलले, यावर संशोधकांत मतभेद आहेत. त्यातून परग्रहवासी निघत नाहीत.

वाहतुकीबद्दल थोडक्यात. सोळाव्या शतकातला स्पॅनिश इतिहासकार सिएसा दे लेओन या गडावरच्या 20,000 माणसांची विभागणी देतो: 4,000 खाणीत, 6,000 कातडी व घायपातीच्या दोरांनी दगड ओढायला, बाकीचे पाया खणणे वगैरे कामांवर. मिता म्हणजे राज्यासाठी पाळीपाळीने करायच्या कामावर आलेल्या या माणसांचे श्रम एका फॉरवर्डने पुसायचे आणि वर ‘शेअर करा’ म्हणायचे, याचा संताप येतो.

उल्यान्तायताम्बो या दुसऱ्या इंका ठिकाणी उरुबाम्बा नदीपलीकडच्या खाणीतून आणताना वाटेतच राहिलेले दगड आजही पडून आहेत. लोक त्यांना ‘थकलेले दगड’ म्हणतात. तिथल्या दगडांची एक बाजू घासून गुळगुळीत झालेली आणि तिच्यावर ओढण्याच्या दिशेने उमटलेल्या रेघा स्पष्ट दिसतात.