वाळूची पेटी आणि काळा पाषाण

वरुड तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या माझ्या वर्गमित्राने गेल्या महिन्यात विचारले की, तू राहतोस त्या अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात मुलांना भूजल समजावताना वापरतात तशी पारदर्शक पेटी शाळेसाठी मागवावी का. त्या पेटीत वाळू आणि खडे भरलेले असतात. वरून पाणी ओतले की ते झिरपताना दिसते, आणि रंग टाकून बारीकसा पंप चालवला की शेतातली घाण विहिरीकडे कशी ओढली जाते, तेही दिसते. माझ्या मुलीला तर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. तरीही मी मित्राला नको म्हणालो.

नेब्रास्काच्या पोटात ओगलाला हा वाळू-खड्यांचा जलधर, म्हणजे पाणी धरून ठेवणारा थर, आहे. आमच्या शिवारात मुरमाखाली काळा पाषाण. एक घनमीटर वाळूतून साधारण दीडशे लिटर पाणी मिळते, तर तेवढ्या पाषाणातून, भेगा आणि झिजलेला थर धरूनही, जेमतेम वीस. शिवाय वाळूत पाणी सगळीकडे पसरते, पाषाणात मात्र भेगा असतील तिथेच; त्यामुळे बांधाच्या अलीकडची विहीर भरलेली आणि पलीकडची कोरडी, हे आमच्या मुलांचे रोजचे कोडे त्या पेटीत सुटत नाही.

त्याऐवजी मोजायची टेप घ्या, असे मी सुचवले. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. त्याच महिन्यांत मुलांनी, गुरुजींच्या देखत, गावातल्या कठडा असलेल्या विहिरी मोजाव्यात. मे महिन्यात शाळेला सुटी असते ही अडचण खरी, पण पाणी तळाला जाते तेही तेव्हाच.

मित्राचा आक्षेप मात्र मला खोडता आला नाही. पोराने पातळी मोजली आणि बापाने संत्र्यासाठी आठशे फूट बोअर मारला, तर त्या आकड्याचे काय? शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला २००९च्या भूजल कायद्यात मनाई आहे, तरी बोअर मारणाऱ्या गाड्या रात्री येतातच. इकडे नेब्रास्कात पाणी-मातीची राखण करणारे खास जिल्हे १९७२मध्ये सुरू झाले; लोकांनी निवडून दिलेली त्यांची मंडळे भूजलाच्या उपशावर मर्यादा घालू शकतात. आपली यंत्रणाही १९७२चीच. पण तिचे मोजमाप गावच्या निर्णयापर्यंत क्वचितच पोहोचते. म्हणून मुलांचे आकडे ग्रामसभेत वाचले जावेत, एवढा माझा आग्रह आहे. दूर बसून असा आग्रह धरणे सोपे असते, हे मला ठाऊक आहे. माझ्या कॉलेजची फी ज्या बागेतून निघाली, ती एका उन्हाळ्यात बोअरनेच वाचली होती.

पहिली मोजणी ऑक्टोबरमध्ये ठरली आहे. सुरुवात आपल्या विहिरीपासून व्हावी, असे मी भावाला कळवले; त्याचे उत्तर अजून आलेले नाही.